कुंपणाआडची सायकल कोणाच्या राखणीत?

ट्रायथलॉनचा प्रवेश अर्ज भरताना शेवटी एका चौकोनात खूण करावी लागते. त्या चौकोनासमोरच्या मजकुरात बरेच काही असते: स्पर्धकाची प्रकृती ठणठणीत आहे, त्याला पोहता येते, स्पर्धेतील धोक्यांची त्याला पूर्ण कल्पना आहे, आणि त्याच ओघात, स्पर्धेच्या ठिकाणी हरवलेल्या, मोडलेल्या किंवा चोरीस गेलेल्या सामानाला आयोजक जबाबदार राहणार नाहीत, अशा अर्थाचे एक वाक्य बहुधा असतेच. पहिल्या तीन गोष्टी मान्य करताना माझी काहीच तक्रार नसते. समुद्र खवळला, उतारावर तोल गेला, धावताना उन्हाने भोवळ आली, तर तो खेळाचाच भाग आहे आणि तो पत्करूनच मी पाण्यात उतरते. सामानाचे वाक्य मात्र त्या पंगतीत बसत नाही. कुंपणाच्या आत ठेवलेली सायकल तिथून नाहीशी झाली, तर ती राखणीतली चूक असते, आणि राखण कोणाकडे होती हे न विचारताच तिचा भुर्दंड स्पर्धकाच्या माथी मारणे मला मान्य नाही.

ज्यांनी ही स्पर्धा जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार मध्ये न थांबता एकामागून एक पूर्ण करायचे असतात. ऑलिंपिक अंतर 1.5 किलोमीटर पोहणे, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणे असे असते. गोव्यात 2019 पासून पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर जी आयर्नमॅन 70.3 स्पर्धा सुरू झाली, तिच्यात 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे असते, म्हणजे एकूण 113 किलोमीटर, मैलांत 70.3, आणि नावातला आकडा तोच. कोल्हापुरात राजाराम तलावाच्या परिसरातही याच अंतराची स्पर्धा होत आली आहे. एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याची जी कुंपण घातलेली जागा असते तिला ट्रान्झिशन म्हणतात. लोखंडी पाइपांच्या रांगा, त्यांवर सीटने टांगलेल्या शेकडो सायकली, प्रत्येकीखाली बूट, हेल्मेट, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या आणि खायच्या जेलची पाकिटे. मोठ्या स्पर्धांमध्ये सायकल आदल्या दिवशी दुपारीच आत जमा करावी लागते आणि ती रात्रभर तिथेच राहते.

माझा सगळा युक्तिवाद या जागेच्या नियमांवर उभा आहे. ट्रान्झिशनमध्ये स्पर्धक आणि नेमलेले स्वयंसेवक यांच्याखेरीज कोणालाही प्रवेश नसतो. पोहायला गेलेल्या बायकोच्या सायकलीपाशी नवऱ्याने उभे राहायचे म्हटले तरी त्याला ते करता येत नाही. बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर स्पर्धकाला दंड होतो, प्रसंगी तो बादही होतो; त्यामुळे महागाचे घड्याळ किंवा चष्मा वाटेत घरच्यांच्या हाती देऊन पुन्हा मागून घेणे हाही मार्ग बंद असतो. स्पर्धेच्या मार्गावर फोन वापरायला बंदी असल्याने तो पिशवीतच राहतो. सायकलला साखळी-कुलूप लावून ठेवायचे तर ओल्या हातांनी ते उघडण्यात वेळ घालवायचा कोणी, आणि नव्वद किलोमीटर ते वाहायचे कसे? थोडक्यात, स्पर्धकाने आपली वस्तू सोबत ठेवू नये, कुलपात ठेवू नये, आपल्या माणसाकडे देऊ नये, आयोजकांनी आखून दिलेल्या चौकटीतच ठेवावी आणि तिथून निघून जावे, अशी सक्ती खुद्द आयोजकच करतात. हे नियम खेळ न्याय्य व्हावा म्हणून आहेत आणि ते मला पटतात. पण ज्याने माझ्या वस्तूवरचा माझा पहारा उठवला, त्याने तिथे स्वतःचा पहारा बसवला पाहिजे, एवढा सरळ हिशेब यातून निघतो.

पहारा नसतोच असे नाही. चांगल्या स्पर्धांमध्ये स्पर्धकाच्या मनगटावर न निघणारी पट्टी बांधतात, तोच क्रमांक सायकलच्या सीटखाली आणि हेल्मेटवर चिकटवतात, आणि सायकल बाहेर नेताना फाटकावरचा स्वयंसेवक दोन्ही क्रमांक ताडून पाहतो. रात्री सुरक्षारक्षक असतात. आदल्या रात्रीची मला फारशी चिंता वाटत नाही. खरी फट पडते ती स्पर्धेच्या शेवटच्या काही तासांत.

70.3 अंतर पुरे करायला साधारण साडेआठ तासांची मुदत असते. वेगवान स्पर्धक पाच तासांच्या आतबाहेर संपवतात. त्यांना गाडी पकडायची असते, हॉटेलची खोली सोडायची असते, म्हणून त्यांना आपले सामान न्यायला आत सोडले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या वेळी निम्म्याहून अधिक लोक अजून रस्त्यावर धावत असतात आणि त्यांचे सामान आत उघड्यावर पडलेले असते. पहाटे तीनला उठलेले स्वयंसेवक दुपारच्या उन्हात पेंगुळलेले असतात, त्यातले काही जेवायला गेलेले असतात, मंडपवाल्याची माणसे एका कडेने कुंपणाचे तुकडे उचलायला लागलेली असतात, आणि फाटक नावापुरतेच उरलेले असते. म्हणजे जो सर्वांत सावकाश असतो, बहुधा पहिल्यांदाच आलेला, चाळिशी-पन्नाशी उलटलेला, नोकरी सांभाळून सराव केलेला, त्याचे सामान सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत कमी राखणीत पडून राहते. स्पर्धेच्या सुरक्षेचे मोजमाप पहाटे पाच वाजता न करता दुपारी दोन वाजता करावे, असे मी म्हणते ते यासाठी.

हे मी अनुभवावरून लिहिते आहे. काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका धरणाच्या जलाशयावर मी माझी दुसरी ट्रायथलॉन केली. सायकल माझ्या मावसभावाची होती. हँडलवर लावायचा जीपीएस मीटरही त्याचाच, आणि तो मीटर त्याने स्वतः पैसे साठवून घेतलेला होता, हे मला ठाऊक होते. सायकलचा टप्पा संपल्यावर मी तो काढून पिशवीत टाकला. पिशवीत फोन होता, गाडीची किल्ली होती आणि माझा रोजचा चष्मा होता. पिशव्या आयोजकांनीच दिलेल्या, सगळ्या एकाच निळ्या रंगाच्या, वर दोरी ओढून तोंड आवळायच्या. प्रत्येकीवर स्वयंसेवकाने मार्कर पेनने क्रमांक घातलेला होता. माझा क्रमांक 412. पोहून आल्यावर मी ओला टॉवेल त्याच पिशवीत कोंबला, आणि शाई तेव्हाच पसरायला लागली असणार.

धावणे संपवून परत आले तर सायकल जागेवर होती आणि पिशवी नव्हती. आधी वाटले आपलीच रांग चुकली. तिन्ही रांगा फिरले. मग फाटकावरच्या मुलीला विचारले. तिने माइकवाल्याकडे पाठवले. माइकवाल्याने दोनदा पुकारले आणि पुढच्या वयोगटाच्या बक्षिसांकडे वळला. हरवले-सापडलेचे टेबल कुठे आहे असे विचारल्यावर मला जे दाखवले गेले ते टाइमिंगच्या तंबूतले एक खोके होते, आणि त्यात दोन गॉगल, एक सॉक आणि कोणाचा तरी ओला टी-शर्ट होता. नोंदवही नव्हती. माझी तक्रार लिहून घ्यायला कोणाकडे कागद नव्हता. शेवटी मीच एका बिबच्या, म्हणजे स्पर्धकाने अंगावर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या, मागे माझे नाव आणि भावाचा फोन नंबर लिहून दिला.

त्यानंतर जे घडले ते मला पिशवीपेक्षा जास्त लागले. कुंपणाबाहेर एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा रिकाम्या बाटल्या गोळा करत होता. त्याच्या खांद्यावर पोते होते. कोणीतरी म्हणाले, हा मघापासून इथेच घुटमळतोय. दोघा-तिघांनी त्याला बोलावले, आणि भर उन्हात, बक्षीस समारंभाच्या गर्दीसमोर, त्याला पोते उलटे करायला लावले. बाटल्या डांबरावर घरंगळत गेल्या. त्यात बाटल्यांशिवाय काही नव्हते. त्याने एक शब्द न बोलता त्या पुन्हा भरायला सुरुवात केली. मी तिथेच उभी होते आणि त्यांना थांबवले नाही. चौथ्या दिवशी पिशवी कुरिअरने घरी आली. दुसऱ्या जिल्ह्यातले एक सद्गृहस्थ, क्रमांक 421, घाईत ती आपली समजून गाडीच्या डिकीत टाकून घेऊन गेले होते आणि तीन दिवस त्यांनी ती उघडलीच नव्हती. त्यांनी फोनवर पुन्हा पुन्हा माफी मागितली. त्या मुलाची माफी कोणीच मागितली नाही.

मला वाटते, स्पर्धांमधले बरेचसे हरवलेले सामान असेच जात असावे: सारख्या दिसणाऱ्या पिशव्या, पुसट क्रमांक, थकलेले डोळे, घाई. चोऱ्याही होतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. कित्येक लाखांच्या सायकली एका जागी उभ्या असतात आणि ते सगळ्या गावाला माहीत असते. पण चूक आणि चोरी यांतला फरक कळायला नोंद लागते. कोण केव्हा आत गेले, काय घेऊन बाहेर पडले, हे लिहिलेले नसले की संशय मोकळा सुटतो आणि तो नेहमी सर्वांत गरीब माणसाच्या दारात जाऊन थांबतो. सफाई करणारी बाई, मंडपाचा मजूर, बाटल्या वेचणारा मुलगा. फाटकावरची नीट नोंद स्पर्धकाच्या सामानाइतकीच या माणसांच्या अब्रूचीही राखण करते, आणि माझ्या लेखी दुसरे कारण पहिल्यापेक्षा मोठे आहे.

कायद्याच्या बाजूने पाहू. आपल्या 1872 च्या करार कायद्यात निक्षेपाची, म्हणजे काही कारणासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देऊन काम झाल्यावर ती परत घेण्याची, तरतूद कलम 148 पासून आहे. कलम 151 सांगते की, अशी वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याने तिची तेवढी काळजी घेतली पाहिजे, जेवढी सर्वसामान्य शहाणा माणूस तशा परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची घेईल. यापेक्षा जास्त कोणी मागत नाही. ‘आम्ही जबाबदार नाही’ असे छापले की ही काळजी घेण्याचे कर्तव्य संपते का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये एका वेगळ्या प्रकरणात दिले. 1998 साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने मोटार लावण्यासाठी हॉटेलच्या माणसाकडे सोपवली आणि ती चोरीला गेली. मोटार पाहुण्याच्याच जोखमीवर लावली जात आहे, असे पावतीवर छापलेले होते. न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरले. स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी अशा छापील अटीने झटकता येत नाही, असे स्पष्ट केले.

ट्रान्झिशन आणि हॉटेलचे वाहनतळ तंतोतंत सारखे नाहीत, हे मी जाणते. एखादा वकील म्हणेल की, सायकल कोणी आयोजकाच्या हाती दिलेली नाही, स्पर्धकाने स्वतःच ती रॅकवर टांगली; इथे ताबा गेलाच नाही, फक्त जागा वापरायला मिळाली. हा मुद्दा क्षुल्लक नाही आणि एखाद्या दिवशी न्यायालयात तो लढवला जाईल. पण जी वस्तू मला मनगटावरची पट्टी दाखवल्याशिवाय, ठरलेल्या वेळेआधी, आयोजकांच्या माणसाच्या परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाही, तिचा ताबा माझ्याकडे आहे असे म्हणणे मला ओढाताणीचे वाटते. देवळाबाहेर चपला ठेवतानाही क्रमांकाचा बिल्ला मिळतो. आपल्याकडे बिल्ला देणारा माणूस राखण स्वीकारतो, हे लहान पोरालाही कळते.

यावर सर्वांत प्रामाणिक आक्षेप आयोजकांकडूनच येतो, आणि त्यांच्यातले काही माझे मित्र आहेत. महाराष्ट्रातल्या अनेक स्पर्धा गावोगावचे सायकल आणि रनिंग क्लब पदरमोड करून भरवतात. पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका, जीवरक्षकांच्या बोटी, रस्ता बंद करण्याची व्यवस्था यांतच प्रवेश शुल्क संपते. त्यावर प्रत्येक सायकलची भरपाई त्यांच्या गळ्यात घातली तर पुढच्या वर्षी स्पर्धाच होणार नाही, आणि तोटा शेवटी खेळाचाच होईल. मी हे हलके मानत नाही. पण अमर्याद जबाबदारी आणि शून्य जबाबदारी यांच्यामध्ये बरीच जागा आहे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात सामान हरवले तर माँट्रियल कराराने विमान कंपनीची जबाबदारी ठरवलेली आहे, आणि तिला मर्यादाही घातलेली आहे. डिसेंबर 2024 पासून ती प्रवाशामागे 1,519 विशेष आहरण हक्क, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाची एकके, इतकी आहे. ज्याचे सामान अधिक मोलाचे आहे त्याने आधी तसे जाहीर करून जादा आकार भरावा, अशी सोयही त्यात आहे. तसेच ट्रायथलॉनमध्ये करता येईल. आयोजकांनी एक वाजवी रक्कम जाहीर करावी, आपल्या हलगर्जीपणामुळे सामान गेले तर तेवढी भरपाई देऊ असे लिहावे, आणि दहा लाखांची सायकल आणणाऱ्याने स्वतःचा विमा उतरवावा. कोणत्याही बाजूवर यात अन्याय होत नाही.

शिवाय जे करायला हवे त्यातले बहुतेक फार खर्चाचे नाहीच. मार्करऐवजी पाण्याने न पुसणारे छापील क्रमांक पिशवीच्या दोन्ही बाजूंना चिकटवावेत. सायकल आत घेताना स्पर्धक आणि सायकल यांचा एकत्र फोटो काढून ठेवावा. हे काम मोबाइलवर काही सेकंदांत होते. आत जाण्याचे आणि बाहेर येण्याचे फाटक एकच असावे. बाहेर पडताना सायकलप्रमाणे पिशवीचाही क्रमांक मनगटपट्टीशी ताडावा, कारण माझी पिशवी गेली ती फक्त सायकलच तपासली जात होती म्हणून. आणि शेवटचा स्पर्धक परतेपर्यंत फाटकावरचे लोक बदलत राहावेत, पण फाटक सुटू नये. शेवटच्या दोन तासांसाठी ताज्या दमाचे चार स्वयंसेवक नेमणे हा पैशांचा प्रश्न नाही. तो दिवसाच्या आखणीचा आहे.

सापडलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. स्पर्धा संपल्यावर मैदानात बूट, गॉगल, टोप्या, पंप, कधी लग्नातली अंगठीही राहते. ठरावीक दिवसांनंतर या वस्तू दान केल्या जातील किंवा टाकून दिल्या जातील, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. पण करार कायद्याचे कलम 71 असे आहे की, दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती आपल्या ताब्यात घेतो त्याच्यावर निक्षेपात वस्तू सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. तेव्हा त्या वस्तूंचे फोटो सर्व स्पर्धकांना पाठवावेत, महिनाभर त्या जपाव्यात आणि मालकाच्या खर्चाने त्या घरपोच कराव्यात, ही मागणी मेहेरबानीची नाही.

स्पर्धकांनाही मी सोडणार नाही. आपल्यातल्या किती जणांना आपल्या सायकलच्या फ्रेमचा क्रमांक माहीत आहे? पायडलचा एक्सल ज्या नळीत बसतो तिच्या खालच्या अंगाला तो बहुधा कोरलेला असतो. त्याचा फोटो आणि खरेदीचे बिल नसेल तर पोलिसांत सांगायचे काय, निळी सायकल गेली म्हणून? नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी जवळच्या ठाण्यात तक्रार नोंदवता येते, त्यामुळे गोव्यात सायकल गेली आणि रात्रीच्या गाडीने नाशिकला परतावे लागले तरी हातपाय गाळून बसायचे कारण नाही. आणि बाहेर पडताना आपली पिशवी उघडून एकदा आत पाहावे. क्रमांक 421 ने तेवढे केले असते तर त्या दुपारी कोणाचे पोते उलटे झाले नसते.

मी त्या आयोजकांना सविस्तर पत्र लिहिले होते. पुढच्या वर्षी पिशव्यांवर छापील क्रमांक आले आणि फाटकावर नोंदवही आली, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. अर्जातले ते वाक्य अजून आहे तसेच आहे, आणि ते बदलावे म्हणून मी यंदाही लिहिले आहे. नोंदवही आली त्या वर्षी मी स्पर्धेच्या आदल्या दिवशीच पोहोचले आणि धरणाजवळच्या चहाच्या टपरीवर त्या मुलाची चौकशी केली. टपरीवाल्या मावशींना तो आठवत होता. त्याचे आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर आले होते, म्हणाल्या, आणि या हंगामात ती टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली.